कलामाझूचा शेक्सपिअर

शेक्सपिअर म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? मोठं कपाळ, टोकदार दाढी, गळ्याभोवती चुण्यांची कॉलर आणि हॅम्लेट, मॅकबेथ वगैरे मंडळी. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांनी तर त्याची स्वगतं घोकलेली असतात. पण मित्रांनो, अमेरिकेत तळ्याकाठी गळ टाकून बसलेल्या माणसासमोर हे नाव घ्या. त्याला नाटक आठवणार नाही, रील आठवेल! सिनेमाचं रील नव्हे, मासे पकडायच्या काठीला लावतात ते रील.

हा दुसरा शेक्सपिअर म्हणजे विल्यम शेक्सपिअर ज्युनिअर. जन्म १८६९, गाव कलामाझू, राज्य मिशिगन. ज्युनिअर अशासाठी, की वडिलांचं नावही विल्यम शेक्सपिअरच. वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिक होते, तिथे जखमी झाले आणि परतल्यावर वकील झाले. म्हणजे एका घरात दोन-दोन विल्यम शेक्सपिअर, आणि नाटक एकानेही लिहिलं नाही!

कलामाझू हे नाव ऐकून हसू येतं, पण गाव मोठं कर्तबगार. कागदाच्या गिरण्या तिथल्या, अपजॉन ही औषध कंपनी तिथली, आणि होस्टेलच्या प्रत्येक गिटारवाल्याच्या स्वप्नात येणारी गिब्सन गिटारही तिथलीच. हाताने काहीतरी बनवून विकावं, हे त्या गावाच्या हवेतच होतं. भोवती शेकडो तळी. तळ्यात बास नावाचा मासा.

या बासची ओळख करून घेऊ, कारण सगळं रामायण त्याच्यामुळे आहे. मोठ्या तोंडाचा बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. पाणवनस्पतींत, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत दबा धरून बसतो आणि समोरून बेडूक किंवा छोटा मासा गेला की झडप घालतो. साधारण एक-दोन किलोचा असतो, पण १९३२ साली जॉर्जिया राज्यात एकाने २२ पौंड ४ औंसाचा, म्हणजे सुमारे १० किलोचा बास पकडला. गळ लागला की तो दोन गोष्टी करतो. एक तर पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो, नाहीतर सरळ झाडोऱ्यात घुसतो. एकदा का त्याने दोरा फांदीला गुंडाळला की खेळ खल्लास. म्हणून बास पकडायचा तर आमिष लांबवर आणि नेमकं टाकता आलं पाहिजे, आणि मासा लागल्यावर त्याला ताकदीने बाहेर ओढता आलं पाहिजे. पहिलं काम नाजूक, दुसरं दांडगाईचं. दोन्ही एकाच काठीने आणि एकाच रीलने करायची!

विल्यमच्या जन्माच्या आधीपासूनच या कामासाठी केंटकी राज्यातले घड्याळजी रीलं बनवत होते. जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने १८२० च्या सुमारास गुणक रील तयार केलं, असं मानतात. गुणक म्हणजे काय, तर हँडल एकदा फिरवलं की स्पूल चार वेळा फिरतं. मोठा गिअर, छोटा पिनियन, सिंपल फंडा. घड्याळजीच्या हातचे गिअर असल्यामुळे ही रीलं लोण्यासारखी फिरत. पण महाग. एकेक रील हाताने घडवलेलं, त्यामुळे ती श्रीमंतांच्याच हातात दिसत.

दुसरी अडचण होती अंगठ्याची. या रीलात अंगठ्याला दोन कामं असत. काठी झटकून आमिष फेकलं की स्पूल गरगर फिरतं आणि दोरा सुटतो. हवेत आमिषाचा वेग कमी होतो, स्पूल मात्र आपल्याच तोऱ्यात फिरत राहतं. इनर्शिया! दोरा बाहेर जायला जागा नसते, तो रीलमध्येच फुगतो आणि त्याचा असा गुंता होतो की संक्रांतीला फिरकी हातातून पडल्यावर मांजाचा होतो तोही परवडला. म्हणून फेकताना अंगठा स्पूलवर हलका दाबून धरायचा. हे पहिलं काम, ब्रेकचं. दोरा परत गुंडाळताना तो एकाच जागी साठून डोंगर होऊ नये, म्हणून त्याच हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने दोरा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत राहायचा. हे दुसरं काम. शिलाईच्या मशीनवर बॉबिन भरताना आई दोऱ्याला बोट लावते ना, तसंच. फरक एवढाच, की दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला चिडलेला मासा असतो.

विल्यमला मासेमारीचा नाद लहानपणापासून. तरुणपणी तो पेटंट औषधांच्या विक्रीच्या धंद्यात होता. पेटंट औषधं म्हणजे सर्व रोगांवर एकच बाटली टाइप, त्या काळी अमेरिकेत फार चालत. पण डोक्यात ते दुसरं काम घोळत होतं. दोरा सारखा पसरवणं हे काम अंगठ्याने का करावं? यंत्राने का नको?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दोरा पसरवणाऱ्या रीलची कल्पना पहिल्यांदा याच्याच डोक्यात आली असं नाही. १८६० साली मार्क पामर या माणसाने तसं पेटंट घेतलं होतं, आणि विल्यमच्या काळातही इतर लोक खटपट करत होते. पण कल्पना सुचणं वेगळं आणि ती तळ्याकाठच्या वाळूत, पाण्यात, चिखलात रोज चालणं वेगळं. विल्यमने ती चालवून दाखवली. १८९७ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी त्याने कलामाझूत कंपनी सुरू केली. वय फक्त २८. आपल्याहून फार मोठा नाही!

आजच्या रीलात हे यंत्र कसं चालतं ते सांगतो, टीओएमच्या ओरलला उपयोगी पडेल. स्पूलच्या पुढे एक आडवा दांडा असतो. त्याच्यावर दोन आटे कापलेले असतात, एक उजवा आणि एक डावा, एकमेकांना छेद देणारे. दोन्ही टोकांना ते एकमेकांत मिसळतात. दोरा एका छोट्या खिडकीतून जातो आणि त्या खिडकीखाली एक बारीक दात असतो, तो आट्यात बसलेला असतो. हँडल फिरलं की गिअरमधून दांडा फिरतो आणि दात खिडकीला घेऊन उजवीकडे सरकतो. टोकाला पोचला की वळून डाव्या आट्यात शिरतो आणि परत येतो. दांडा मात्र एकाच दिशेने फिरत राहतो. ना स्प्रिंग, ना क्लच. फिरण्याचं रूपांतर येरझाऱ्यांत! सूत गुंडाळायच्या यंत्रांतही आट्यांची हीच युक्ती वापरतात. लेथवर आटे पाडताना ज्याची जर्नल शीट तीनदा रिजेक्ट झाली आहे त्याला विचारा, असा दांडा कापणं म्हणजे काय दिव्य असतं.

मग काय, लोकांनी विल्यमला डोक्यावर घेतलं? अजिबात नाही. जुने जाणते नाकं मुरडू लागले. अंगठ्याचं कसब ही त्यांची मिरवायची गोष्ट होती, आणि हा कोण कलामाझूचा पोरगा ते यंत्रात घालून नवशिक्यांना वाटत सुटला? पण त्यांच्या तक्रारीत नुसता अहंकार नव्हता, इंजिनिअरिंगही होतं. आमिष फेकताना स्पूलने एकट्यानेच फिरावं, हे आदर्श. इथे स्पूलबरोबर गिअर, दांडा, दात, खिडकी अशी सगळी वरात फिरणार. वर दोरा खिडकीच्या कडांना घासणार. इतकं घर्षण वाढल्यावर फेक कमी पडणारच. लांब फेकीच्या स्पर्धा खेळणारे लोक त्यामुळे साधीच रीलं वापरत राहिले. दोरा पसरवणारी रीलं सगळीकडे दिसायला १९२० चं दशक उजाडलं. म्हणजे पेटंटनंतर वीस-पंचवीस वर्षं!

या मधल्या काळात काय बदललं? मला या माणसाच्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. रील जवळपास तेच राहिलं, बदलली ती काठी, आणि दोऱ्याच्या टोकाचं आमिष.

एकोणिसाव्या शतकात बाससाठी लांब, लवचिक काठ्या वापरत. डॉ. जेम्स हेन्शॉल या डॉक्टरने १८८१ मध्ये या माशावर एक मोठं पुस्तक लिहिलं, त्याने सुचवलेली काठी सव्वाआठ फुटांची होती आणि त्या काळी तीच आखूड समजली जाई. अशा काठीने जिवंत छोटा मासा हळूच झुलवून टाकायचा, कारण जोरात फेकला तर तो गळावरून सुटणार. मग काठ्या आणखी आखूड आणि ताठ होत गेल्या. त्यात कलामाझूपासून जवळच्याच डोवाजिॲक गावात जेम्स हेडन नावाच्या माणसाने लाकडाची आमिषं बनवायला सुरुवात केली. विसावं शतक उजाडता उजाडता हा धंदा वाढला. विल्यमनेही रेव्होल्यूशन नावाचं, पाण्यात गरगर फिरणारं आमिष बाजारात आणलं. हे आमिष मरत नाही, सुटत नाही, आणि मुख्य म्हणजे जड असतं. कितीही जोरात फेका!

आता गणित बघा. हलकं आमिष असेल तर त्याच्यात ऊर्जा थोडी, त्यातली बरीचशी त्या गिअरच्या वरातीला फिरवण्यातच संपणार. जड आमिष आणि ताठ काठी असेल तर ऊर्जा भरपूर, घर्षणात गेलेला वाटा किरकोळ. म्हणजे जो दोष हलक्या काठीवर ठळक दिसत होता, तो जड काठीवर जवळजवळ दिसेनासा झाला. आणि फायदा? तो जड काठीवरच सगळ्यात जास्त. मोठा मासा झाडोऱ्यातून ओढताना दोऱ्यावर प्रचंड ताण येतो. दोरा स्पूलवर वेडावाकडा गुंडाळलेला असेल तर वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो. पुढच्या फेकीला तो तिथेच अडकतो, आमिष हवेत असताना झटका बसतो, दोरा तुटतो. सारखा पसरलेला दोरा असा रुतत नाही. विल्यमचं रील वाईट नव्हतं, त्याचा जोडीदार यायचा होता.

म्हणूनच आजही बासची दणकट काठी घेणाऱ्याने रील निवडताना नुसतं कोणतं रील चांगलं असं विचारून भागत नाही. या काठीला कोणतं, असं विचारावं लागतं. आज हेवी म्हणून विकली जाणारी काठी साधारण सात ते साडेसात फुटांची असते. पहिलं म्हणजे काठीची जात बघायची. मुठीखाली बोट अडकवायला चाप असेल आणि कड्या वरच्या बाजूला असतील, तर तिच्यावर बसणारं फिरत्या स्पूलचं रील हवं. खाली लटकणारं स्पिनिंग रील तिला चालणार नाही.

दुसरं, दोरा. काठीवरच लिहिलेलं असतं, किती पौंडाचा दोरा आणि किती औंसाचं आमिष. दणकट काठीला १५ ते २५ पौंडाचा जाड नायलॉन दोरा, आपल्याकडे ज्याला तंगूस म्हणतात तो, किंवा ५० पौंडाच्या आसपासचा विणलेला दोरा लावतात. रीलच्या स्पूलवर तो किमान शंभर यार्ड मावला पाहिजे. छोटंसं नाजूक रील लावलं तर स्पूल दोन फेकींत रिकामं!

तिसरं, गिअर रेशो. इथे थोडा हिशोब करू. भरलेल्या स्पूलचा व्यास दीड इंच धरला तर परीघ होतो सुमारे ४.७ इंच. जुन्या केंटकी रीलचा रेशो ४, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे १९ इंच दोरा आत येणार. रेशो ५ असेल तर २३.५ इंच, आणि ७ असेल तर ३३ इंच. मग ७ च घ्यावा ना? थांबा. एनर्जी फुकट मिळत नाही. रेशो वाढला की वेग वाढतो आणि ओढण्याची ताकद त्याच प्रमाणात कमी होते. पाण्यात खोल जाणारं, खूप विरोध करणारं आमिष ओढायचं तर ५ च्या आसपासचा रेशो बरा, नाहीतर संध्याकाळी मनगट बोलू लागतं. उलट झाडोऱ्यात आमिष टाकून मासा लागताच सैल दोरा पटकन आवळायचा असेल तर ७ किंवा जास्त. सायकलच्या गिअरसारखंच, चढावर एक आणि उतारावर दुसरा.

चौथं, ड्रॅग. रीलमध्ये घर्षणाच्या चकत्या असतात. ठराविक ताणाच्या वर गेलं की स्पूल घसरतं आणि दोरा सुटू देतं, म्हणजे तुटत नाही. साधारण नियम असा, की दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ड्रॅग लावायचा. २० पौंडाच्या दोऱ्याला ५ ते ६ पौंड. काठी दणकट पण ड्रॅग फुसका असेल, तर काठीच्या ताकदीचा उपयोग शून्य. ड्रॅग दणकट आणि काठी नाजूक असेल, तर काडकन आवाज! शेवटचं, तोल. रील बसवून काठी हातात धरली की टोक फार खाली झुकायला नको. सात फुटांच्या तरफेचा तोल सांभाळायला थोडं वजनदार रील मदतच करतं. दिवसभर शेकडो वेळा फेकणाऱ्याला ते लगेच कळतं.

चला, परत विल्यमकडे. त्याची कंपनी वाढली. काठ्या, दोरे, आमिषं, रीलं, सगळं एकाच छपराखाली तयार होऊ लागलं. महागड्या घड्याळजीकडे जे एकेक मिळे, ते आता कारखान्यातून शेकड्यांनी निघू लागलं आणि साध्या माणसाच्या हाती आलं.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ज्या कामगारांच्या हातांनी ही रीलं घडत होती त्यांचं आणि कंपनीचं पुढे फाटलं. १९४८ मध्ये कारखान्यात संप झाला आणि वर्षाच्या शेवटी तिथे हिंसाचार झाला. गिअरचे दात जुळवणाऱ्या कारखान्यात माणसं मात्र जुळली नाहीत. गावाचं नाव जगभर नेलेल्या म्हाताऱ्या विल्यमला हे बघावं लागलं. चरित्र लिहिताना असा भाग गाळून टाकायचा मोह होतो, पण मग ते चरित्र न राहता जाहिरात होते.

त्याच काळात कंपनीत आणखी एक गोष्ट घडत होती. काठ्या तोपर्यंत बांबूच्या कामट्या चिकटवून किंवा पोलादाच्या बनवत. चांगला बांबू यायचा चीनमधून, आणि दुसऱ्या महायुद्धात तो मिळेनासा झाला. आर्थर हॉवल्ड नावाच्या एका संशोधकाच्या बांबूच्या काठीचं टोक मोडलं. हा माणूस प्लास्टिकच्या उद्योगातला. त्याने बाल्सा लाकडाभोवती काचेचे तंतू लांबीच्या दिशेने लावून ते रेझिनमध्ये बसवले आणि नवं टोक केलं. ते चाललं! त्याची ही पद्धत शेक्सपिअर कंपनीने घेतली आणि १९४७ च्या सुमारास वंडररॉड नावाची फायबरग्लासची काठी बाजारात आणली. ओली राहिली तर कुजत नाही, वाकली तर वाकडी राहत नाही, आणि कारखान्यात एकासारखी दुसरी बनते. बांबूच्या प्रत्येक काठीचा स्वभाव निराळा असे. एकासारखी एक काठी बनू लागल्यावर कोणत्या काठीला कोणता दोरा आणि कोणतं रील हे छापून देणं सोपं झालं. नुसत्या हाताच्या अंदाजावर चालणारी जोडी आता आकड्यांवर लावता येऊ लागली.

विल्यम शेक्सपिअर १९५० मध्ये वारला. सत्तावीस-अठ्ठावीसच्या वयात त्याने रीलचा प्रश्न सोडवला आणि आयुष्याच्या शेवटी त्याच्याच नावाच्या कंपनीतून आधुनिक काठी बाहेर पडली. मध्ये बरोब्बर पन्नास वर्षं. पुढे कंपनी कलामाझूहून साउथ कॅरोलायनात गेली, दुसऱ्या मालकांकडे गेली. १९७६ मध्ये याच नावाखाली अग्ली स्टिक ही काठी आली. मोडायला अवघड म्हणून ती आजही प्रसिद्ध आहे.

आणि त्या अंगठ्याचं काय झालं? जुन्या जाणत्यांना भीती होती की यंत्र आलं की कसब मरणार. दोरा पसरवण्याचं काम यंत्राने घेतलं खरं. पण ब्रेकचं काम? चुंबकाचे ब्रेक आले, केंद्रोत्सारी बलावर चालणारे ब्रेक आले, तरी आजही आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी स्पूलवर अंगठा ठेवावाच लागतो, नाहीतर गुंता ठरलेला. यंत्राने कंटाळवाणं काम उचललं आणि कसबाचं काम माणसाकडे ठेवलं. मला वाटतं, चांगल्या डिझाइनची एवढी एक खूण पुरेशी आहे.

आपणही फायनल इयरच्या प्रोजेक्टला ग्रुप करतो तेव्हा मोटर एकजण निवडतो, गिअरबॉक्स दुसरा, फ्रेम तिसरा. प्रत्येकाला आपला पार्ट कॅटलॉगमधला सर्वात भारी हवा असतो. मग सबमिशनच्या आदल्या रात्री सगळे भारी पार्ट एकत्र बसवतात आणि काहीच हलत नाही! तेव्हा कलामाझूच्या या माणसाची आठवण ठेवा. त्याचं रील वीस-पंचवीस वर्षं नावं ठेवून घेत राहिलं, आणि योग्य काठी मिळाल्यावर त्याच लोकांनी ते उचललं. पार्ट चांगला की वाईट हे ठरवायच्या आधी त्याला कोणाच्या जोडीला बसवलंय तेवढं बघा.